कडेचा गडी

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकातल्या आपल्या सदरात फुटबॉलवर लिहावे, हे आमच्या घरात कोणालाच पसंत पडलेले नाही. सौ.चे म्हणणे असे की, वर्षभर लोक ज्ञानेश्वरीवर ऐकवतात म्हणून कंटाळतात, निदान दिवाळीत तरी काही गोडधोड लिहावे. चिरंजिवांचे म्हणणे असे की, बाबांना ऑफसाइड म्हणजे काय हे अजून नीट सांगता येत नाही, मग ते लिहिणार तरी काय! दोघांचेही म्हणणे ऐकून घेतले आणि लिहायला बसलो. कारण यंदा डोक्यात जे घोळते आहे ते एका फुटबॉलवाल्याचेच आहे, आणि ते कागदावर उतरल्याशिवाय चकली गोड लागणार नाही. (चकली गोड नसतेच, असे कोणी वाचक पत्र लिहून कळवील म्हणून आधीच कबूल करतो.)

त्याचे असे झाले. 2025 च्या जुलैत भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षकपद रिकामे झाले. आधीचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ हे स्पेनचे. ते गेले आणि अखिल भारतीय महासंघाने अर्ज मागवले, तर अर्ज आले तब्बल 170. आणि त्यांत म्हणे एक अर्ज होता साक्षात झावी यांचा! बार्सिलोनाचे झावी, ज्यांनी स्पेनला विश्वचषक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला आणि पुढे बार्सिलोनाचेच प्रशिक्षक झाले, ते झावी. स्पॅनिश लोक त्या नावाचा उच्चार ‘चावी’ असा करतात असे ऐकतो. कुलूप आमचे आणि चावी स्पेनची, असा हा योग. दोन दिवस वर्तमानपत्रांत धमाल उडाली. काहींनी तर एवढा पगार परवडणार नाही म्हणून हळहळही व्यक्त केली. मग महासंघाने खुलासा केला की अर्ज खरा नव्हता, कोणीतरी त्या नावाने ई-मेल धाडला होता. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीला अमेरिकेतल्या डॉक्टरचे उत्तर यावे आणि घरच्यांनी दोन दिवस मुलीला इंग्रजी बोलायला लावावे, तसला हा प्रकार झाला.

खऱ्या अर्जांतून शेवटी तीन नावे उरली. त्यांत दोन परदेशी होती आणि तिसरे खालिद जमील. 1 ऑगस्ट 2025 रोजी हे तिसरे नाव जाहीर झाले. 2011-12 मध्ये गोव्याच्या सावियो मेदेरा यांनी हे काम केले होते. त्यानंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस भारताच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. आणि तो आपल्या मुंबईच्या मैदानांवर वाढलेला!

आता वाचकहो, खालिद जमील हे नाव तुमच्यापैकी कितींनी ऐकले असेल, याची मला शंका आहे. क्रिकेटमध्ये राखीव यष्टिरक्षकाच्या मावशीचे नावसुद्धा आपल्याला पाठ असते. फुटबॉलचे तसे नाही. आमच्या रायगड जिल्ह्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेटला मोटारसायकल बक्षीस लागते, समालोचक घसा फोडून ओरडतो, गावेच्या गावे लोटतात. फुटबॉल मात्र पावसाळ्यात, चिखलात, क्रिकेट बंद असते म्हणून खेळायचा. आषाढ सरला की फुटबॉल माळ्यावर.

मुंबईत मात्र पूर्वी असे नव्हते. कूपरेजचे मैदान भरून वाहायचे. रोव्हर्स चषक 1891 पासून चालत आलेला. त्याच्या सामन्यांना कलकत्ता, हैदराबाद, गोवा इथून संघ यायचे. त्या वेळच्या मुंबईतल्या संघांची नावे आठवा किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, आर.सी.एफ., रेल्वे, एअर इंडिया, महिंद्र. ही फुटबॉल संघांची यादी की शेअर बाजाराची, असा प्रश्न पडावा. पण त्यातच मुंबईच्या फुटबॉलचे सगळे अर्थशास्त्र होते. मुलगा खेळात चमकला की कंपनी त्याला नोकरी द्यायची. सकाळी सराव, दुपारी हजेरीपत्रकावर सही, संध्याकाळी सामना. पाय शाबूत असेतो खेळायचे, नंतर टेबलाशी बसायचे आणि निवृत्तीला भविष्यनिर्वाह निधी घेऊन घरी जायचे.

फोर्तुनातो फ्रँको यांचे उदाहरण घ्या. मूळचे गोव्याचे, टाटांच्या संघातले. 1960 च्या रोम ऑलिंपिकच्या संघात होते, 1962 मध्ये जाकार्ताला आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात खेळले. पुढे गुडघा दुखावला आणि खेळ लवकर संपला. पण टाटांची नोकरी संपली नाही. 2021 मध्ये गोव्यात ते वारले तेव्हा वर्तमानपत्रांनी सुवर्णपदकाबद्दल लिहिले. मला मात्र त्या नोकरीबद्दल वाचताना जास्त बरे वाटले. मी मध्यमवर्गीय माणूस, काय करणार!

खालिद जमील या व्यवस्थेच्या शेवटच्या पिढीतले. जन्म कुवेतचा, 21 एप्रिल 1977 चा. म्हणजे माझ्याहून थोडेच मोठे. मुंबईत ते आधी महिंद्र युनायटेडकडून, मग एअर इंडियाकडून, मग पुन्हा महिंद्रकडून खेळले. मधल्या फळीतले खेळाडू. भारताकडूनही खेळले. कलकत्त्याच्या दोन्ही बड्या संघांचे बोलावणे त्यांना आले होते, पण त्या संघांच्या सदऱ्यावर मद्याच्या कंपनीचे नाव असल्यामुळे त्यांनी ते नाकारले, असे त्यांच्याविषयी छापून आलेले आहे. ज्यांना कलकत्त्याचा फुटबॉल ठाऊक आहे त्यांनाच या नकाराची किंमत कळेल. गायकाने ग्वाल्हेरच्या दरबाराचे निमंत्रण परत पाठवावे तसे ते झाले.

त्याच सुमारास महिंद्रचे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. तेही जुने खेळाडू, बचावफळीतले. त्यांच्या हाताखाली महिंद्रने 2005-06 ची राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकली. खेळणाऱ्याने शिकवणारा कसा व्हावे, याचा वस्तुपाठ खालिद यांना घरबसल्या मिळाला म्हणायचा. पण दुखापतींनी त्यांचे खेळणे आखडत आणले होते. 2007 मध्ये मुंबई एफसी हा नवा संघ निघाला, त्यात ते गेले, आणि 2009 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी, त्याच संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. बरोबरीचे लोक अजून खेळत होते आणि हे रेघेच्या बाहेर कडेला उभे.

पुढची सात वर्षे ते त्या कडेलाच उभे होते. ही सात वर्षे मला फार मोलाची वाटतात, आणि त्यांच्याविषयी लिहिणारे नेमकी तीच दोन ओळींत उरकतात. मुंबई एफसी हा काही श्रीमंत संघ नव्हता. कूपरेजची दुरुस्ती चालू होती तेव्हा तर मुंबईच्या संघाला आपले ‘घरचे’ सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. म्हणजे बिऱ्हाड मुंबईत आणि चूल पुण्यात! स्पर्धा जिंकण्याची भाषा नव्हती, खालच्या गटात घसरायचे नाही एवढेच दरवर्षीचे ध्येय. आणि खालिद यांनी ते दरवर्षी साधले. एखादी गृहिणी महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर डाळीत पाणी वाढवत घर चालवते, त्याला कोणी पाककौशल्याचे बक्षीस देत नाही. पण घर चालते.

2016 मध्ये क्लबने नवा माणूस आणायचे ठरवले आणि खालिद यांना जावे लागले. ते कुठे गेले? थेट मिझोरामला, ऐझॉलला. ऐझॉल एफसी हा संघ त्याच वर्षी खालच्या गटात ढकलला गेला होता. गोव्याच्या संघांनी माघार घेतल्यामुळे जागा रिकाम्या झाल्या, म्हणून त्याला परत घेण्यात आले, एवढीच त्याची पत. नोकरीवरून काढलेला प्रशिक्षक आणि नापास होऊन ग्रेस मार्कांवर वर चढलेला संघ, अशी ही गाठ पडली. आपल्याबरोबर खालिद यांनी मुंबईच्या ओळखीचे काही खेळाडू नेले. त्यांत आशुतोष मेहता होता, आपला जयेश राणे होता. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-आमना. बाकी डोंगरातली मिझो मुले, ज्यांच्या छातीचे भाते घाटात चढूनच तयार झालेले.

ती 2016-17 ची आय-लीग मी चिरंजिवांच्या शेजारी बसून पाहिली. त्या वेळी तो शाळेत होता आणि ऑफसाइड समजावून सांगण्याइतका त्याला धीर होता. 22 एप्रिल 2017 ला ऐझॉलच्या मैदानावर मोहन बागान आले. शेवटची काही मिनिटे उरली असताना झोहमिंग्लियाना राल्टे या बचावपटूने डोक्याने गोल मारला आणि ऐझॉल 1-0 ने जिंकले. आता उरला एकच सामना, 30 एप्रिलला शिलाँगला, लाजोंगविरुद्ध. हरायचे नाही, बस. आणि नवव्याच मिनिटाला लाजोंगने गोल केला! तिकडे कलकत्त्यात मोहन बागान आपला सामना जिंकण्याच्या वाटेवर. म्हणजे विजेतेपद हातून निसटलेले. मध्यंतर झाले तरी तसेच. दुसऱ्या डावात विल्यम लालनुनफेलाने चेंडू जाळ्यात घातला, बरोबरी झाली आणि मग उरलेला वेळ. वाचकहो, त्या उरलेल्या वेळात आमच्या दिवाणखान्यात कोणी चहासुद्धा मागितला नाही. सामना 1-1 असा संपला. ऐझॉलचे 37 गुण, मोहन बागानचे 36. ईशान्येकडच्या संघाने देशाची साखळी स्पर्धा जिंकल्याचा तो पहिला प्रसंग. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली. ती सावरायला शेवटी शेवटी स्पेनचे ओस्कार ब्रुझोन यांना आणले होते, पण वेळ निघून गेली होती. काही महिन्यांत तो क्लबच मोडला.

यावर खालिद काही बोलले का? मला तरी ऐकलेले आठवत नाही. हा गृहस्थ विलक्षण मितभाषी आहे. सामन्यानंतर पत्रकारांनी दहा प्रश्न विचारावेत आणि यांनी ‘मुले चांगली खेळली’ या अर्थाचे चार शब्द बोलून निघून जावे. आमच्या स्टाफरूममध्ये असे दोघे असते तर सभा वेळेवर संपल्या असत्या.

याच्या अगदी उलट टोकाचा माणूस म्हणजे प्रदीप कुमार बॅनर्जी, ‘पीके’. विंगर ते प्रशिक्षक हा प्रवास भारतात कोणी थाटात केला असेल तर यांनी. उजव्या कडेने धावणारा हा गडी 1960 च्या ऑलिंपिकमध्ये कर्णधार होता आणि फ्रान्सविरुद्ध त्याने गोल केला होता. 1962 च्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवले त्यांतला एक गोल त्याचाच. पुढे प्रशिक्षक झाल्यावर 1975 च्या आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला 5-0 असे लोळवले. मग ते मोहन बागानकडे गेले आणि 1977 मध्ये पेले यांच्या कॉसमॉस संघाला 2-2 असे रोखून दाखवले. त्यांचे हत्यार म्हणजे वाणी. कपडे बदलण्याच्या खोलीत ते असे काही बोलायचे की त्या बोलण्याला ‘व्होकल टॉनिक’ असे नावच पडले होते. 2020 च्या मार्चमध्ये ते गेले. पीके बोलून जिंकले, खालिद न बोलता. वर्गात कोणती पद्धत चालते, हे वीस वर्षे शिकवूनही माझे निश्चित झालेले नाही.

ऐझॉलनंतरचा खालिद यांचा रस्ता सरळ नव्हता. ईस्ट बंगालला गेले, विजेतेपद मिळाले नाही, निघाले. 2019 मध्ये मोहन बागानला गेले, तिथूनही लवकर निघाले. मग गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये दुय्यम जागा पत्करली. ज्याने देशाचे विजेतेपद मिळवले त्याने पुन्हा सहायक म्हणून रुजू व्हायचे! आपल्याकडे मुख्याध्यापक झालेला मनुष्य पुन्हा साधा शिक्षक व्हायला तयार होत नाही. होईलच कसा? शेजारी विचारतात ना! जानेवारी 2021 मध्ये त्या संघाचे प्रशिक्षक जेरार्ड नुस, तेही स्पेनचेच, हंगामाच्या मध्यात दूर झाले आणि तात्पुरता कारभार खालिद यांच्याकडे आला. साथीचे दिवस होते. सगळी स्पर्धा गोव्यात बंद दारांआड चाललेली. साखळीतले उरलेले नऊ सामने हा संघ हरलाच नाही, उपांत्य फेरीत पोचला. आय.एस.एल.मध्ये भारतीय प्रशिक्षकाने संघ तिथवर नेल्याचे ते पहिले उदाहरण. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांना कायम केले. तोवर त्या स्पर्धेत भारतीयाला मुख्य प्रशिक्षक म्हणून कोणी कायम केलेले नव्हते. सहायक भारतीय असला पाहिजे असा दंडक मात्र होता. स्वयंपाक आचाऱ्याने करायचा आणि चिराचिरी घरच्यांनी!

मग जमशेदपूर. तिथे 2025 च्या सुपर कपच्या अंतिम सामन्यात त्यांचा संघ गोव्याकडून 3-0 ने हरला. गोव्याचे प्रशिक्षक कोण? तेच मानोलो मार्केझ. ज्यांनी मे महिन्यात हरवले त्यांचीच खुर्ची ऑगस्टमध्ये मिळाली. नियतीलाही कधीकधी कादंबरीकारांची उसनवारी करावी लागते.

आता इथपर्यंतची हकीकत मी एका गृहस्थांना तोंडी सांगितली होती, त्यांच्यामुळेच तर ती इतकी पाठ झाली. आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याचे वडील. एस.टी.च्या आगारात मेकॅनिक आहेत. मुलगा तिसऱ्या वर्षाला, मराठी घेतलेला, आणि उजव्या कडेने असा पळणारा की आंतरमहाविद्यालयीन सामन्यात समोरच्या बाकावरचे लोकसुद्धा उठून उभे राहायचे. 2017 च्या ऑक्टोबरात नेरूळच्या मैदानावर सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला, स्पेन आणि माली. पनवेलहून लोकल धरून आम्ही गेलो होतो. त्यात फेरान तोरेस नावाचा पोरगा उजव्या कडेला होता. त्याने एक गोलही केला, स्पेन 3-1 ने जिंकले. पुढे तो बार्सिलोनाला गेला. आमच्या या विद्यार्थ्यानेही तो सामना पाहिला होता, शाळेने नेलेल्या मुलांच्या गर्दीत बसून. तेव्हापासून त्याला दुसरे काही दिसत नव्हते.

आणि मग गुडघा गेला. उरणच्या बाजूला एका स्पर्धेत, चिखलात. शस्त्रक्रिया झाली, सहा महिने गेले, चालायला लागला, धावायलाही लागला. पण ते पूर्वीचे वळण घेणे राहिले. त्याला आता प्रशिक्षक व्हायचे होते. महासंघाचे परवाने असतात. ‘डी’ पासून सुरुवात, मग ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि सर्वांत वर ‘प्रो’. खालिद यांनी ती सगळी शिडी चढलेली आहे. या मुलाला पहिली पायरी चढायची होती. वडिलांचे म्हणणे, तळोज्याला कंपनीत ओळखीने जागा आहे, ती धर.

एका रविवारी वडील घरी आले. हातात पेढ्यांचा पुडा, कारण मोकळ्या हाताने सरांकडे कसे जायचे!

“सर, तुमचं तो ऐकतो. त्याला जरा समजावा. पोरांना शिकवून काय मिळतं हो आजकाल?”

बोलून गेले आणि त्यांच्या लक्षात आले की समोर बसलेला मनुष्य पोरांना शिकवूनच पोट भरतो. बिचारे इतके ओशाळले, की मलाच पाणी आणायला आत जावे लागले. परत येऊन मी खालिद जमील यांची ही सगळी कथा त्यांना सांगितली. ऐझॉलचा शेवटचा सामना तर अगदी रंगवून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “सर, हे खरंच. पण त्यांना सुरुवातीला कंपनी होती ना पाठीशी? एअर इंडिया, महिंद्र. माझ्या पोराला कोण आहे?”

वाचकहो, तीस वर्षे इंजिने उघडून बसलेल्या माणसाला बिघाड कुठे आहे ते बरोबर कळते. कारण पुढची हकीकत अशी आहे. महिंद्रने 2010 मध्ये आपला संघ बंद केला. 1962 पासूनचा संघ. शालेय फुटबॉलसाठी काही करू म्हणाले. एअर इंडियाला 2013 मध्ये महासंघानेच आय-लीगच्या बाहेर काढले, ओ.एन.जी.सी.लाही. कारण काय, तर हे व्यावसायिक क्लब नव्हेत, कचेरीचे संघ आहेत, परवान्याच्या अटींत बसत नाहीत. अटी आशियाई पातळीवरच्या होत्या, त्यामागचा विचारही चूक नव्हता. क्लबला मैदान असावे, मुलांचे संघ असावेत, प्रेक्षक असावेत, हे कोण नाकारील? पण नोकरीवाले संघ गेले आणि त्यांच्या जागी आलेला मुंबई एफसी 2017 मध्ये संपला. म्हणजे खालिद मुंबईत ज्या तीन संघांत वाढले, त्यांतला एकही त्या रूपात शिल्लक नाही. शिडी चढून माणूस गच्चीवर पोचला आणि खालच्या पायऱ्या एकेक करून काढून नेल्या, अशी ही गत. आणि उरलेल्याची तरी शाश्वती कुठे होती? 2025 च्या जुलैत हक्कांच्या करारावरून आय.एस.एल.चाच नवा हंगाम लांबणीवर पडला, काही क्लबांनी पगार थांबवले. देशातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेतले खेळाडू घरी बसून होते. मेकॅनिकसाहेबांनी ही बातमी वाचलेली होती. मी गप्प बसलो.

तरीही मी मुलाच्या बाजूने बोललो आणि अजूनही त्याच बाजूचा आहे. माझे कारण साधे आहे. मोठ्या संघांचे काय व्हायचे ते होवो, पण पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली, इथे इमारती उठल्या, त्यांत हजारो मुले आली, आणि त्या मुलांना पायाने चेंडू कसा थांबवायचा हे सांगणारा माणूस कोणाला तरी हवाच आहे. शनिवार-रविवारी आईबाप फी भरून मुलांना घेऊन येतात. ती फी कोणी घ्यायची? ज्याने कधी खेळ खेळला नाही अशा दुकानदाराने, की ज्याचा गुडघा या खेळापायी गेला त्याने? खालिद यांनी कोणत्या पायरीवर किती दिवस काढले हे मी वडिलांना पुन्हा एकदा मोजून सांगितले. सात वर्षे घसरगुंडी टाळण्यात, एक वर्ष शिखरावर, मग परत सहायक. ते म्हणाले, “म्हणजे आमच्या खात्यासारखंच. बढती झाली की बदली.”

भारताच्या संघाचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो, नाहीतर कोणी म्हणेल की प्राध्यापकाने गोड तेवढे सांगितले. 29 ऑगस्ट 2025 ला पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी 2-1 ने हरवले. इराणकडून 3-0 असा मार खाल्ला, अफगाणिस्तानशी बरोबरी झाली, आणि तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानला पेनल्टीवर हरवले. त्या सामन्यात बरोबरीचा गोल उदांता सिंगने, म्हणजे कडेच्याच गड्याने केला. सगळीकडे कौतुक झाले. मग ऑक्टोबर उजाडला. सिंगापूरला शेवटच्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली. परतीचा सामना 14 ऑक्टोबरला मडगावला. आमच्या कॉलेजची दोन पोरे मांडवी एक्स्प्रेसने गेली होती. छांगटेने आधी गोल केला, पोरांनी फोनवरून आरडाओरडा ऐकवला, आणि नंतर फोन आलाच नाही. सिंगापूर 2-1 ने जिंकले आणि आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशाने 1-0 ने हरवले, बावीस वर्षांनी. ज्यांनी ऑगस्टमध्ये हार घातले त्यांनीच नोव्हेंबरात विचारले, परदेशी माणूस का आणला नाही? खालिद यांनी जबाबदारी आपली म्हटले आणि पुन्हा गप्प.

त्या रात्री मेकॅनिकसाहेबांचा मला फोन आला. निकाल त्यांनी पाहिला होता. मला वाटले, आता म्हणतील, बघा, सांगत होतो. पण ते म्हणाले, “सर, पहिल्या फळीतली पोरंच तयार नाहीत तर एकटा माणूस काय करील? गाडीच जुनी असली तर ड्रायव्हर बदलून काय होतंय?” मग थोडा वेळ थांबून, “ते पहिल्या परवान्याचं शिबिर कधी असतं म्हणालात?”

तडजोड झाली ती अशी. मुलाने तळोज्याची नोकरी धरली, पहिली पाळी. दुपारी तीनला सुटतो, पाचला मैदानावर असतो. शिबिराची फी आईने भिशीतून दिली, वडिलांना न सांगता, आणि वडिलांनीही तितकीच रक्कम त्याच्या खात्यात भरली, आईला न सांगता. दोन्ही बातम्या मला वेगवेगळ्या कळल्या आणि दोन्ही मी आजवर पोटात ठेवल्या होत्या. आता हा अंक त्यांच्या घरी जाईल तेव्हा जे होईल ते होईल.

परवा संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा पाहिले, बारा-पंधरा मुले होती, त्यांत तीन मुलीही. गळ्यात शिटी अडकवून हा रेघेच्या बाहेर उभा. मला पाहून आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “सर, एक शब्द पाहिजे. मुलं मराठी शाळेतली आहेत, विंगर म्हटलं की हसतात. एकाला वाटलं व्हिनेगर. तुम्ही काहीतरी सांगा ना.”

माझ्यातला मराठीचा प्राध्यापक एकदम जागा झाला. मी ‘बगलवीर’ सुचवला. त्याने विनयाने मान हलवली, पण पसंत नाही हे दिसले. मी ‘पार्श्वधावक’ म्हणालो. आता तोच हसू लागला. कोकणात छपराच्या उतरत्या बाजूला पाख म्हणतात, तेव्हा ‘पाखकर’ कसे, असे विचारणार होतो, तेवढ्यात मैदानातून एक सात-आठ वर्षांची चिमुरडी ओरडली, “दादा, मी आज कडेचा गडी होऊ?”

“हो,” तो म्हणाला, “पण रेघ सोडायची नाही,” आणि शिटी वाजवून तिकडे पळाला. पळताना उजवा पाय अजून किंचित ओढतो.